अल्लाहची मर्जी आणि माणसाचा हात

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण गवंडी बांधकामाच्या परांचीवरून पडून वारला. तिसऱ्या दिवशी जियारतीला आम्ही गेलो होतो. ओसरीवर चटया अंथरलेल्या होत्या, आत बायकांमध्ये त्याची आई बसली होती. कुणी सांत्वनाचे दोन शब्द बोलले की ती एवढेच म्हणे, ‘अल्लाह की मर्जी.’ थोड्या वेळाने ठेकेदार आला. तोही आमच्यातलाच, पाच वक्त नमाज पढणारा. त्याने डोक्याला रुमाल बांधला, दुआ मागितली, मुलाच्या बापाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘अल्लाह की मर्जी, चाचा.’ शब्द तेच होते. बाप काही बोलला नाही. त्याने आपला हात हळूच सोडवून घेतला. परांचीचे बांबू कुजके होते आणि बांधलेला दोर जुना होता, हे ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आईची ‘मर्जी’ आणि ठेकेदाराची ‘मर्जी’ एकच का, हा प्रश्न त्या दिवसापासून आम्हाला सोडत नाही. मकतबात ईमाने-मुफस्सल पाठ करताना आपण सगळ्यांनीच तकदीरवर, तिच्यातल्या बऱ्यावर आणि वाईटावरही, ईमान आणलेले आहे. त्याबद्दल शंका काढण्याचा आमचा हेतू नाही आणि तो आमचा अधिकारही नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. हे शब्द इतिहासात कोणी, केव्हा आणि कोणापुढे उच्चारले एवढेच आम्ही शोधू शकतो. शोधू लागलो तेव्हा आमच्या ओसरीवरचा प्रसंग तेराशे वर्षांपूर्वी कूफ्याच्या दरबारात घडून गेलेला आढळला.

हिजरी ६१ चा मुहर्रम, म्हणजे इ.स. ६८० चा ऑक्टोबर. करबलाच्या मैदानावर इमाम हुसैन (रजि.) आणि त्यांचे साथी शहीद झाले. मागे उरलेल्या बायकामुलांना कैद करून कूफ्याला आणले गेले. तिथे सुभेदार उबैदुल्लाह बिन जियाद बसला होता. कैद्यांमध्ये हुसैन यांचे एक पुत्र अली होते, ज्यांना आपण जैनुल आबिदीन म्हणून ओळखतो. आजारी असल्यामुळे ते लढाईत उतरले नव्हते, म्हणून वाचले. इब्ने जियादने नाव विचारले. उत्तर आले, अली बिन हुसैन. अली बिन हुसैनला तर अल्लाहने मारले ना, असे तो म्हणाला. तरुण कैदी म्हणाला की माझा एक भाऊ होता, त्याचेही नाव अली, त्याला लोकांनी मारले. इब्ने जियादने पुन्हा दटावले: नाही, अल्लाहने मारले. तेव्हा त्या कैद्याने कुरआनमधल्या एका आयतीचा आधार घेऊन उत्तर दिले की मृत्यूच्या वेळी प्रत्येकाचा जीव अल्लाहच काढून घेतो. म्हणजे मरण अल्लाहच्या हातात आहे हे त्याने नाकारले नाही. तलवार मात्र माणसांच्या हातात होती, हेही त्याने सोडले नाही.

हा प्रसंग तबरीने आपल्या इतिहासात जुन्या कूफी कथनकारांच्या आधारे नोंदवला आहे. त्याच दरबारात इब्ने जियादने हजरत जैनब (रजि.) यांना डिवचले होते की तुझ्या घरच्यांशी अल्लाहने कसा व्यवहार केला, पाहिलेस ना? त्यांचे उत्तरही याच वळणाचे आहे. त्यांच्या नशिबी मरण लिहिलेले होते आणि ते आपल्या मरणाच्या जागी चालत गेले. आता अल्लाह त्यांना आणि तुला एकत्र उभे करील आणि तिथे तुमचा दावा चालेल. तकदीर मान्य, आणि तकदीरच्या पलीकडे फिर्यादही उभी. एका वाक्यात दोन्ही.

इथे एखादा वाचक म्हणेल की मग सरळ आहे, सत्तेवरचे लोक तकदीर सांगतात आणि पीडित लोक माणसाची जबाबदारी सांगतात. इतके सरळ नाही. तेच कैदी पुढे दमास्कसला यजीदच्या दरबारात नेले गेले, तिथे नेमके उलटे झाले. यजीदने सूरह शूरामधली ती आयत म्हटली जिचा आशय असा की तुमच्यावर येणारी मुसीबत ही तुमच्याच हातांची कमाई असते. म्हणजे तुमचे हाल तुमच्या गुनाहामुळे. आणि जैनुल आबिदीन यांनी उत्तरादाखल सूरह हदीदची आयत म्हटली, जिचा आशय असा की पृथ्वीवर किंवा तुमच्या जिवावर येणारे कोणतेही संकट ते घडण्याआधीच ग्रंथात लिहिलेले असते. कूफ्यात कैदी माणसाच्या हाताकडे बोट दाखवत होता, दमास्कसमध्ये तोच तकदीरचा आसरा घेत होता. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. दोन्ही आयती अल्लाहच्याच. प्रश्न आयत कोणती हा नव्हताच. ती कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाच्या जखमेवर ठेवली जात आहे, हा होता.

याआधी तेवीस वर्षांपूर्वी, सिफ्फीनच्या लढाईनंतर (इ.स. ६५७), खारिजी लोक हुकूम फक्त अल्लाहचा अशी घोषणा देत हजरत अली (रजि.) यांच्यावर उलटले होते. अलींनी तेव्हा म्हटल्याचे सांगतात की शब्द खरा आहे, पण त्यातून साधायचे आहे ते खोटे आहे. या एका कसोटीवर पुढचा बराच इतिहास घासून पाहता येतो.

पण त्याहीपूर्वीचा, खुद्द पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या घरातला एक प्रसंग इथे आठवतो. हिजरी १० मध्ये त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. खगोलशास्त्राच्या हिशेबाने ते इ.स. ६३२ च्या २७ जानेवारीचे ग्रहण. मदिनेतले लोक म्हणू लागले की पैगंबरांचे मूल गेले म्हणून सूर्य काळवंडला. एखाद्या नव्या धर्माच्या संस्थापकाला याहून सोयीचा चमत्कार कोणता मिळणार! पैगंबर साहेबांनी मात्र लोकांना जमवून स्पष्ट केले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची निशाणी आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नसते. मुलाच्या मरणावर ते रडले. रडण्याबद्दल कुणी आश्चर्य दाखवले तेव्हा ती दया आहे असे सांगितले, आणि तोंडून मात्र अल्लाहला नापसंत असा शब्द काढला नाही. दुःख खरे, सबर खरा. आणि आकाशातून त्या दुःखाचा अर्थ वाचण्याला नकार. हे तिन्ही एकाच दिवशी.

आता सर्गकडे वळू. हे ठिकाण हिजाज आणि शाम यांच्या सीमेवरचे. खलीफा हजरत उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर निघाले आणि सर्गला पोहोचले, तेव्हा सेनापती हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) त्यांना भेटायला आले. शाममध्ये ताऊन, म्हणजे प्लेग, पसरल्याची बातमी त्यांनी दिली. पुढे जायचे की परतायचे? उमर यांनी काय केले ते बुखारीच्या संग्रहात इब्ने अब्बास यांच्या तोंडून तपशिलाने आले आहे. त्यांनी आधी मुहाजिरांना बोलावले. त्यांच्यात एकमत होईना. मग अन्सारांना बोलावले, तिथेही तेच. मग मक्का फतहच्या सुमारास आलेल्या कुरैशच्या वडीलधाऱ्यांना बोलावले. त्यांनी मात्र एकमुखाने सांगितले की लोकांना घेऊन परत फिरा. उमर यांनी पहाटे परतण्याचे जाहीर केले.

त्यावर अबू उबैदांनी विचारले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात का? हा प्रश्न कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. अबू उबैदा म्हणजे उम्मतचे ‘अमीन’, ज्यांना जन्नतची खुशखबर हयातीत मिळाली त्या दहांपैकी एक. उमर हळहळले की हे शब्द दुसऱ्या कुणी काढले असते तर! आणि म्हणाले, होय, अल्लाहच्या एका तकदीरपासून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे पळतो आहोत. मग त्यांनी उंटांचा दाखला दिला. दरीच्या दोन उतारांपैकी एक हिरवा आणि दुसरा उजाड असेल, तर हिरव्या उतारावर चारलेस तरी अल्लाहच्या तकदीरनेच, आणि उजाडावर चारलेस तरी त्याच्याच तकदीरने. बोलणे मेंढपाळाचे आहे, तत्त्वज्ञाचे नाही, आणि म्हणूनच आम्हाला ते पुढच्या अनेक जाड्या ग्रंथांपेक्षा भारी वाटते. उंट उजाड उतारावर नेऊन उपाशी मारणाऱ्या गुराख्याने मालकाला तकदीर सांगितली तर मालक ऐकून घेईल का?

इतके झाल्यावर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. सल्लामसलतीच्या वेळी ते कुठे बाहेर गेले होते. त्यांनी पैगंबर साहेबांची हदीस सांगितली की एखाद्या मुलखात ताऊन असल्याचे कळले तर तिथे जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे आला तर त्याच्यापासून पळून बाहेर पडू नका. उमर यांनी अल्लाहची स्तुती केली आणि परतले. लक्षात घ्यावे की निर्णय हदीस कळण्यापूर्वी झालेला होता. तो मशवऱ्याने आणि विवेकाने झालेला होता.

पुढची गोष्ट अधिक जड आहे. हिजरी १८ (इ.स. ६३९) च्या या साथीला अमवासचा ताऊन म्हणतात, जेरुसलेम आणि रमला यांच्या दरम्यानच्या अमवास गावावरून हे नाव पडले. मृतांचा आकडा जुन्या नोंदी २५,००० सांगतात. उमर यांनी अबू उबैदांना वाचवण्यासाठी पत्र पाठवले की तुमच्याकडे एक काम आहे, तातडीने या. अबू उबैदांनी ते काम ओळखले. माझ्या सैनिकांना टाकून मी येऊ शकत नाही, मला माफ करा, असे त्यांनी कळवले. पत्र वाचून उमर रडले. पाहणाऱ्यांनी विचारले, अबू उबैदा गेले का? म्हणाले, नाही, पण गेल्यासारखेच. मग सैन्याला सखल दमट जागेवरून उंच, मोकळ्या हवेच्या जागी हलवण्याचा हुकूम त्यांनी दिला. पण अबू उबैदा त्याच साथीत वारले. त्यांच्यामागून मुआज बिन जबल (रजि.) गेले. अखेर अम्र बिन आस (रजि.) यांनी सूत्रे घेतल्यावर लोकांना डोंगरांत पांगायला लावले, हा रोग आगीसारखा भडकतो म्हणून. त्यावर काही साहाबांनी त्यांना कडक शब्दांत दोष दिला. उमर यांना कळले तेव्हा त्यांनी अम्र यांच्या या उपायाला नापसंत केले नाही.

आम्ही अबू उबैदांना चूक आणि उमरना बरोबर ठरवायला बसलेलो नाही. अबू उबैदांनी तकदीर म्हटली ती स्वतःच्या मरणापुरती. आपल्या माणसांना सोडून जायचे नाही म्हणून ते थांबले, आणि तकदीर सांगून त्यांनी स्वतःची कोणतीही जबाबदारी झटकली नाही. उलट ती उचलली. ओसरीमागे बसलेल्या त्या आईची ‘मर्जी’ याच जातीची होती.

उमय्या राजवट स्थिरावली तशी दुसऱ्या जातीची ‘मर्जी’ सरकारी झाली. बसऱ्यात तेव्हा हसन बसरी (इ.स. ६४२ ते ७२८) दर्स देत असत. मअबद जुहनी आणि अता बिन यसार त्यांच्याकडे आले आणि म्हणाले की हे राजे मुसलमानांचे रक्त सांडतात, माल लुटतात आणि वर म्हणतात की आमची कृत्ये अल्लाहच्या तकदीरने घडतात. इब्ने कुतैबाने नोंदवल्याप्रमाणे हसन बसरींचे उत्तर होते की अल्लाहचे हे दुश्मन खोटे बोलतात. खलीफा अब्दुल मलिक याला हसन यांनी याच विषयावर लिहिलेले म्हणून एक पत्रही प्रसिद्ध आहे. ते खरेच त्यांचे का, याबद्दल आजच्या अभ्यासकांत वाद आहे, तेव्हा त्यावर भार न टाकलेला बरा. मअबद यांना ठार मारण्यात आले. पुढे दमास्कसचे गैलान यांनीही माणसाच्या जबाबदारीचा मुद्दा लावून धरला. हिशाम बिन अब्दुल मलिकच्या कारकिर्दीत (इ.स. ७२४ ते ७४३) त्यांचे हातपाय तोडून त्यांना मारले गेले. अल्लामा इक्बाल यांनी १९३० साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत या घडामोडीकडे बोट दाखवले आहे. मुसलमानांत ‘किस्मत’ची जी ढिली कल्पना रुजली, तिच्यामागे करबलाचे पाप झाकू पाहणाऱ्या सत्तेची गरजही होती, असे त्यांचे म्हणणे.

त्यानंतर मुतजिला आले. अल्लाह न्यायी आहे, म्हणून तो जुलूम करत नाही आणि माणूस आपल्या कर्माला जबाबदार आहे, असा त्यांचा सिद्धांत. ऐकायला तो आम्हाला जवळचा वाटतो, पण खलीफा मामूनने इ.स. ८३३ मध्ये सुरू केलेल्या मिहनात, कुरआन निर्मित आहे की नाही या प्रश्नावर, याच मताच्या लोकांच्या पाठिंब्याने उलेमांची चौकशी झाली आणि इमाम अहमद बिन हंबल यांना फटके खावे लागले. न्यायाची भाषा करणाऱ्याच्या हाती चाबूक आला की काय होते, हे त्यातून दिसते. मुतजिलांना उत्तर म्हणून इमाम अशअरी (मृत्यू इ.स. ९३६) यांची तीन भावांची गोष्ट सांगतात. ती घडली की रचली गेली, कोण जाणे. एक भाऊ ईमानवाला होऊन मेला, एक काफिर होऊन, एक लहानपणीच. लहान विचारतो, मला मोठे का होऊ दिले नाही? उत्तर मिळते, तू मोठा होऊन पाप केले असतेस म्हणून. मग काफिर ओरडतो, मलाही लहानपणीच का उचलले नाही? अशअरींचे गुरू जुब्बाई यावर गप्प झाले म्हणे. आम्हाला या गोष्टीत गुरूच्या पराभवापेक्षा ती गप्पी मोलाची वाटते. एखादे मूल का मेले, याचे तयार उत्तर खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसापेक्षा गप्प बसणारा बरा.

मूल का मेले? हा प्रश्न कैरोच्या इब्ने हजर अस्कलानी यांना आयुष्यात तीनदा पडला. बुखारीच्या संग्रहावरचे सर्वांत मान्य भाष्य, फतहुल बारी, ज्यांनी लिहिले ते हेच. हिजरी ८१९ च्या प्लेगमध्ये त्यांच्या फातिमा आणि आलिया या दोन मुली गेल्या. त्यांनी ताऊनवर ग्रंथ लिहायला घेतला. हिजरी ८३३ (इ.स. १४३०) च्या प्लेगमध्ये थोरली जैन खातून गेली, तीही गरोदर असताना. त्याच वर्षी ग्रंथ पुरा झाला. बज्लुल माऊन हे त्याचे नाव. त्यात वैद्यकशास्त्र आज पटण्यासारखे नाही. प्लेग जिन्नांच्या टोचणीने होतो आणि रोग स्वतःच्या बळावर एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, हेच मत त्यांनी मांडले. पण ग्रंथभर त्यांचा सूर असा आहे की ताऊनमध्ये मेलेला मुसलमान शहीद आहे. आपल्या तीन मुलींना गुनाहगार ठरवणारा अर्थ त्यांनी शोधला नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. ८३३ मध्ये कैरोत साथ सुरू झाली तेव्हा रोज चाळीसपेक्षा कमी माणसे मरत होती. लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले आणि पावसासाठी बाहेर पडतात तसे सारे शहराबाहेर मैदानात जमले, दुआ मागून परत आले. महिना संपण्यापूर्वी मृतांचा रोजचा आकडा हजाराच्या वर गेला. दुआवर अढळ विश्वास असलेल्या काजीने हा आकडा लपवला नाही. प्लेगसाठी असा जमाव करणे पूर्वसूरींपासून चालत आलेले नाही, असे त्यांचे मत होते. २०२० साली करोनाच्या काळात आपल्या मस्जिदींत जमातीवरून जो वाद झाला, तेव्हा ही नोंद कुणी मोठ्याने वाचून दाखवली असती तर किती बरे झाले असते.

आठ वर्षांनी, हिजरी ८४१ (इ.स. १४३८) मध्ये, पुन्हा साथ आली. सुलतान बरसबायने काजी आणि उलेमांना बोलावून कारण विचारले. व्यभिचार वाढला की ताऊन येतो, असे त्याला सांगण्यात आले, आणि कारण सापडले ते सजून रस्त्यावर फिरणाऱ्या बायकांमध्ये. सुलतानाने बायकांना घराबाहेर पडण्याची बंदी केली. इतिहासकार मकरीजी तेव्हा कैरोत होता. बंदीने काय झाले ते त्याने लिहून ठेवले. बायकांसाठी माल विकणाऱ्यांचे धंदे बसले, ज्या गरीब बायका हातावर पोट घेऊन बाहेर पडत त्यांचे हाल झाले. प्लेग थांबला नाही. सुलतान त्याच वर्षी वारला. मकरीजीने जुलमी करांबद्दल आणि दरबारातल्या लुटीबद्दल पाने भरून लिहिलेले आहे. त्या गुनाहांमुळे साथ आली असे सुलतानाला सांगण्याची हिंमत किती जणांत असणार? मुसीबत ही गुनाहाची शिक्षा आहे असे एकदा ठरले की गुनाहगार नेहमी दुबळ्यांतच सापडतो.

हे फक्त आपलेच दुखणे आहे असे मात्र नाही. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे खुद्द गांधीजींनी म्हटले होते, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली होती. गांधीजींचा हेतू थोर होता. पण भूकंपात मेले त्यांत अस्पृश्यही होतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जमीन हादरली आणि लातूर, उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गाडली गेली. त्यानंतरही कुठे कुठे शिक्षेची भाषा आमच्या कानावर आली होती. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली. जमीन हलवणे अल्लाहच्या हाती, हे कबूल. भिंत कशी रचायची हे कोणाच्या हाती?

ग्रनाडाचे वजीर आणि वैद्य इब्नुल खतीब यांनी चौदाव्या शतकातल्या महासाथीनंतर याच अंगाने विचार केला होता. रोग संसर्गाने पसरतो हे अनुभवाने आणि डोळ्यांनी दिसते. रोग्याच्या सहवासात येणारा मरतो, दूर राहणारा वाचतो. मग हदीसच्या शब्दांचा अर्थ या प्रत्यक्षाला धरूनच लावला पाहिजे, असे त्यांनी लिहिले. हे धाडस होते. फार लोकांनी ते त्या काळी उचलले नाही.

साडेपाचशे वर्षांनी तोच ताऊन आपल्या दारी आला. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. सरकारने घरे तपासायला, रोग्यांना ओढून नेऊन वेगळे ठेवायला सुरुवात केली. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांनी प्लेगच्या पथकाला अडवले आणि शहरात दंगल पेटली. वसाहतीच्या काळातल्या लिखाणात अशा वेळी ‘दैववादी मुसलमान’ हा शिक्का ठरलेला असे. आम्हाला तो मान्य नाही. पुण्यात रँडवर गोळी झाडणारे काही तकदीर मानणारे मुसलमान नव्हते. परका माणूस घरात घुसून जनान्यातल्या आजारी बाईला उचलून नेतो, याची ती चीड होती. पण त्याच मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. हाफकिनने नवी लस तयार केली तेव्हा लोक ती घ्यायला घाबरत होते. विशीत असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतःला ती टोचून घेतली, आणि हाफकिनच्या कामासाठी आपली इमारत दिली. ‘पळता आहात का’ या जुन्या प्रश्नाला ते एक उत्तर होते. ते बोलून द्यायचे नव्हते, दंड पुढे करून द्यायचे होते.

आता हिजरी १८ मधली एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. अमवासच्या साथीच्या वर्षीच हिजाजमध्ये भयंकर दुष्काळ पडला. जमीन राखेच्या रंगाची झाली म्हणून त्या वर्षाला ‘आमुर रमादा’ म्हणतात. उमर यांनी इतर प्रांतांतून धान्य मागवले, मदिनेच्या भोवती जमलेल्या भुकेल्यांना रोज जेवण घातले, आणि लोकांना तूप मिळेपर्यंत आपण खाणार नाही असे ठरवून ते तेलावर राहिले. पावसासाठी दुआही मागितली. आणि त्या वर्षी चोराचा हात तोडण्याची शिक्षा त्यांनी स्थगित ठेवली. एरवी याच उमर यांच्याबद्दल असेही सांगतात की तकदीरने चोरी केली म्हणणाऱ्या चोराला त्यांनी सुनावले होते की तकदीरनेच आम्ही तुझा हातही तोडतो. म्हणजे तकदीरची सबब त्यांना चालत नव्हती. भूक मात्र ते पाहत होते.

हातिब बिन अबी बल्तआ यांच्या गुलामांची हकीकत इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे. या गुलामांनी मुजैना जमातीतल्या एका माणसाची उंटीण चोरली आणि कापून खाल्ली. प्रकरण उमर यांच्यापुढे आले. हात तोडण्याचा हुकूम झाला, आणि मग त्यांनी मालकाकडे पाहिले. तू यांना उपाशी ठेवतोस असे दिसते, असे ते म्हणाले, आणि दंड असा करीन की तुला जड जाईल. उंटिणीच्या धन्याला किंमत विचारली. तो म्हणाला, चारशे दिरहमला मी ती दिली नसती. उमर यांनी मालकाला आठशे द्यायला लावले.

हा निवाडा आम्ही आमच्या जमातीच्या बैठकीत सांगितला. ठेकेदार समोरच बसला होता, मान खाली घालून. त्याने वाद घातला नाही. मुआवजाचा आकडा ठरायला मात्र तीन बैठका लागल्या, कारण कुणी ना कुणी मध्येच म्हणे की जे लिहिले होते ते झाले, आता त्यात किती ताणायचे. मुलाचा बाप तिन्ही वेळा आला. आकड्याबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. तिसऱ्या बैठकीतून उठताना त्याने ठेकेदाराला विचारले ते एवढेच, की बांबू बदलले का.